मालकाची सही

नगरपालिकेच्या खिडकीतल्या बाईंनी बांधकाम परवानगीचा अर्ज उलटा फिरवून तिच्याकडे सरकवला आणि पेनाचं मागचं टोक तिसऱ्या रकान्यावर टेकवलं.

"इथे मालकाची सही लागेल."

"केलीय की. ती माझ्या मिस्टरांची सही आहे."

"तुमचे मिस्टर मालक नाहीत."

तिने पिशवी काउंटरवर ठेवली. ही तिची तिसरी खेप होती. पहिल्या वेळी परवानाधारक प्लंबरचा दाखला नाही म्हणून अर्ज परत आला. दुसऱ्या वेळी नकाशातली पाडायची भिंत पिवळ्या रंगात आणि नवी भिंत लाल रंगात हवी होती, ती दोन्ही काळ्यात होती म्हणून परत आला. आता रंग होते, दाखला होता, आणि ती सकाळपासून रांगेत उभी होती. दवाखान्यात ती दिवसभर लोकांना उठायला, बसायला आणि चालायला शिकवायची. रुग्णाने आठव्यांदा चुकीचा गुडघा वाकवला तरी तिचा आवाज चढत नसे. तोच आवाज तिने आता लावला.

"घर माझ्या सासऱ्यांचं. ते तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्यामागे हे एकुलते एक. मृत्यूचा दाखला जोडलाय, लाईटचं बिल जोडलंय."

"लाईटचं बिल कुणाच्याही नावावर असू शकतं," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

मागच्या मांडणीतून त्यांनी नाडीने बांधलेली एक जुनी फाईल काढली. वरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली, रुमाल झटकला, नाडी सोडली. आत निळ्या रंगाचा मंजूर नकाशा होता. घड्यांवर तो इतका विरला होता की बाईंनी तो उलगडलाच नाही, नुसता कोपरा उचलला. खालच्या पानावरचं नाव त्यांनी वाचून दाखवलं. आधी एका बाईचं नाव, मग तिच्या वडिलांचं, मग आडनाव.

आडनाव तिच्या सासरचंच होतं. पण ही बाई कोण, ते तिला खरोखरच कळेना. लांबची कुणी चुलत सासू असेल, की कारकुनाची चूक? सतरा वर्षांत त्या घरात हे नाव असं सलग उच्चारलेलं तिने ऐकलं नव्हतं. औषधाच्या चिठ्ठीवर कधीतरी अर्धंमुर्धं पाहिलं होतं, तेवढंच.

मग तिला कळलं.

"हयात आहेत का या?" बाईंनी विचारलं.

"हो."

"कुठे असतात?"

"आमच्याकडेच असतात. सासऱ्यांची बहीण."

बाईंनी फाईलमधून डोकं वर काढलं. "म्हणजे तुम्ही त्यांच्याकडे असता," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. एखादा आकडा चुकला की तो दुरुस्त करावा, तशा म्हणाल्या. "मग अडचण कसली? घरातच आहेत तर सही घ्या आणि उद्या आणून द्या. नाहीतर त्यांनाच घेऊन या. चला, पुढचे."

बाहेरच्या लांब व्हरांड्यात एक बाक होता. तिथे ती जाऊन बसली. शेजारी बसलेला माणूस कुणाला तरी फोनवर कुंपणाच्या भिंतीची उंची सांगत होता, आणि तो काय बोलतोय ते तिला नीट ऐकू येत होतं. चार फूट. चार फुटांच्या वर नाही. बाकी डोक्यात काहीच चालत नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. बाथरूम चार बाय सहाचं. वॉकर आत जायचा, पण वळायचा नाही, आणि सासूबाईंना उलट पावली बाहेर यावं लागायचं. खुबा बसवलेल्या माणसाने उलट चालायचं म्हणजे काय, हे तिच्याइतकं घरात कुणाला कळणार? तिने स्वतः वॉकर घेऊन आत फेऱ्या मारल्या, टेपने मापं घेतली. अडीच फूट वाढवले की सगळं बसत होतं. ते अडीच फूट मागच्या खोलीतून घ्यायचे. मागची खोली आत्यांची. अडीच फूट गेल्यावर तिथे पलंग मावणार नव्हता.

गेल्या रविवारी ती आत्यांच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "आत्या, तुमचं सामान आपण गच्चीवरच्या खोलीत हलवू. वर वारा छान येतो."

आत्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवलं होतं. "पायऱ्या सतरा आहेत," त्या म्हणाल्या होत्या.

"व्यायाम होईल तेवढाच," तिने हसून म्हटलं होतं.

बहात्तर वर्षांच्या बाईला. दवाखान्यात त्या वयाचं कुणी आलं की ती पहिला प्रश्न विचारायची, घरात जिना आहे का.

बाकावर बसल्या बसल्या तिने तोंडावरून हात फिरवला.

*

घरी आली तेव्हा सासूबाई त्यांच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत काहीतरी ओढल्याचा आवाज येत होता.

"झालं काम?" सासूबाईंनी विचारलं.

तिने पिशवी खाली ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली, परत आली, खोलीचं दार लावून घेतलं.

"आई, घर आत्यांच्या नावावर आहे."

ती सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती. आता त्या हबकतील, काहीतरी घोटाळा झालाय म्हणतील, आणि मग दोघी मिळून त्यातून वाट काढतील, अशी तिने येताना मनाची तयारी केली होती. सासूबाईंनी मांडीवरची शाल सारखी केली.

"मग?" त्या म्हणाल्या. "नावावर असलं म्हणून काय झालं? उभं तर ह्यांनीच केलं. बांधकामावर रोज हे हजर असायचे, उन्हातान्हात."

तिला बसायला जागा हवी होती. पलंगाच्या कडेवर ती टेकली.

"तुम्हाला माहीत होतं."

"न माहीत असायला काय झालं? ह्यांचा कारखाना बंद पडला होता तेव्हा. प्लॉट मिळत होते ते कायम नोकरीवाल्यांना. वन्सं टेलिफोनमध्ये कायम होत्या, त्यांच्या नावाने अर्ज केला, नंबर लागला." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "त्यात लपवाछपवी काही नव्हती."

"मग ह्यांना कसं माहीत नाही?"

"तेव्हा आठ वर्षांचा होता तो. त्याला काय सांगायचं? आणि सांगायचं नाही हे वन्संनीच ठरवलं. दादाला कमीपणा नको, पोराला वडिलांचं घर आहे असंच वाटू दे, म्हणाल्या. मी काय त्यांच्या तोंडावर हात ठेवला होता?"

हे सगळं त्या सहज सांगत होत्या. जुन्या दुखण्याची हकिकत डॉक्टरला सांगावी, तशा सुरात. तिला मात्र त्या घरातली एकेक वस्तू नव्याने दिसत होती. सासूबाईंचा मोठा पलंग. सासऱ्यांचा हार घातलेला फोटो. घराच्या दाराबाहेर सासऱ्यांच्या नावाची पितळी पाटी, ती दर आठवड्याला आत्या घासून लखलखीत करायच्या. घरपट्टी भरायलाही आत्याच जायच्या, पेन्शन आणायला निघाल्या की. सगळे म्हणायचे, बरं झालं, तेवढाच त्यांना विरंगुळा.

"आई," ती म्हणाली, "मला बघायला आला होतात, तेव्हा तुम्ही आमच्या घरी सांगितलं होतं. आमच्या वन्संना कुणी नाही, आम्ही ठेवून घेतलंय त्यांना. माझ्या वडिलांना फार कौतुक वाटलं होतं त्याचं."

सासूबाईंनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तसं सांगायचं, हेही आत्यांनीच ठरवलं होतं का?"

सासूबाईंनी स्टुलावरचे पाय एकेक करून खाली घेतले, जसं तिनेच त्यांना शिकवलं होतं.

"वॉकर दे जरा," त्या म्हणाल्या. "पाठ भरून आली."

*

नवरा शाळेतून साडेपाचला आला. तो रसायनशास्त्र शिकवायचा, बोटांवर नेहमी कसले ना कसले डाग असायचे. ती त्याला गच्चीवर घेऊन गेली, कारण खाली सांगण्यासारखी जागा उरली नव्हती. वरच्या खोलीत जुन्या पेट्या, मोडकी खुर्ची, रंगाचे रिकामे डबे होते. पत्र्याचं छप्पर दिवसभर तापलं होतं. रविवारी तिला इथला वारा आठवला होता. ह्या पत्र्याची तिला आठवणच झाली नव्हती.

त्याने ऐकून घेतलं. मध्ये एकदा "काय?" म्हणाला, ते इतक्या हळू की तो प्रश्नही वाटला नाही. मग त्याने रंगाचा एक डबा उचलला, झाकण उघडतं का ते पाहिलं, परत ठेवला. दुसरा उचलला.

"नीट वाचलं ना त्यांनी?"

"आडनावासकट वाचलं. आणि आईंना माहीत आहे."

तो डबा हातात धरून उभा राहिला.

"मी तेरा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "आत्याने माझी पतंगाची चक्री लपवून ठेवली होती, परीक्षा होती म्हणून. मी खूप भांडलो. म्हणालो, हे माझ्या बाबांचं घर आहे, तू कोण मला सांगणार? तुला राहायचं नसेल तर जा."

त्याने डबा खाली ठेवला.

"बाबा तिथेच होते. दाढी करत होते."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. करत राहिले."

"आणि आत्या?"

त्याला ते शब्द सापडायला वेळ लागला असं नाही, ते बाहेर काढायला लागला. "म्हणाली, हो रे, बाबांचंच आहे. आधी अभ्यास कर."

तो खाली बसला, तसाच, धुळीत, शाळेच्या पँटवर. तिने त्याला सतरा वर्षांत रडताना एकदाच पाहिलं होतं, वडील गेले तेव्हा. आताही तो रडत नव्हता. फळ्यावर आपण लिहिलेलं समीकरण चुकीचं आहे हे वर्गासमोर कळावं, तसा तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"मी नाही येत खाली," तो म्हणाला. "तूच जा. मी तिला काय तोंड दाखवू?"

*

आत्यांच्या खोलीत दिवा लागलेला होता. पलंग भिंतीपासून ओढून मधोमध आणला होता, आणि त्यावर गाठोडी बांधून ठेवलेली होती: एक चादरींचं, एक लुगड्यांचं, एक पुस्तकांचं. पुस्तकांचं गाठोडं त्यांनी दोन लहान गाठोड्यांत बांधायला घेतलं होतं, बहुधा जिन्यावरून न्यायला झेपावं म्हणून. आत्या बारीक चणीच्या, ताठ. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसल्या होत्या, त्यामुळे समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबायची त्यांना सवय होती.

"मिळाली परवानगी?" त्यांनी विचारलं.

"नाही." तिने अर्ज पुढे केला. "मालकाची सही लागेल म्हणाले. तुमची."

आत्यांचे हात गाठीवर थांबले. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, बोलणं पूर्ण झालंय की नाही याची वाट बघत असल्यासारख्या.

"तुला कुणी सांगितलं?"

"खिडकीतल्या बाईंनी. फाईल काढून नाव वाचलं."

"पूर्ण वाचलं?"

"हो."

"आडनावासकट?"

"हो, आत्या."

आत्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी ते लगेच आवरलं. "पूर्वी महिन्याला एकदा ऐकायला मिळायचं," त्या म्हणाल्या. "पगाराच्या दिवशी. पुकारायचे."

येताना जिन्यावर तिने माफीची दोन वाक्यं जुळवली होती, ती आता फारच तोकडी वाटायला लागली.

"मी तुम्हाला वर जायला सांगितलं तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू विचारलं कुठे होतंस? सांगितलं होतंस." आत्यांनी उशीखालून चष्मा काढला. "दाखव तो नकाशा."

त्यांनी नकाशा दिव्याखाली धरला आणि वाचायला लागल्या. वाचायलाच, कारण त्यांचं बोट प्रत्येक आकड्यावर थांबत होतं. मध्ये बाथरूम. त्याच्या या बाजूला आत्यांची खोली, त्या बाजूला नवराबायकोची. पिवळी रेघ, लाल रेघ. ती उभीच होती. घरात कुठेतरी वॉकरचे रबरी पाय फरशीवर टेकत गेल्याचा आवाज आला आणि दाराबाहेर येऊन थांबला. कुणी आत आलं नाही.

"हे अडीच फूट इकडूनच का घेतले?" आत्यांनी विचारलं.

नकाशा काढणाऱ्यानेही हेच विचारलं होतं. भिंत कुठल्या बाजूला सरकवू, दोन्हीकडे सारखंच पडेल, म्हणाला होता. तिने मागच्या खोलीकडे बोट केलं होतं. विचार करून नव्हे. विचार करावा असं त्यात काही आहे हेच तिला जाणवलं नव्हतं.

"तुमच्या बाजूला काय आहे? कपाट ना भिंतीला?" आत्यांनी पुढे विचारलं.

"हो. मोठं."

"मग ते जाईल वर," आत्या म्हणाल्या. "कपाटाला गुडघे नसतात."

त्यांनी पुस्तकांच्या गाठोड्यातून पेन्सिल शोधून काढली आणि नकाशावर, बाथरूमच्या पलीकडच्या बाजूला, एक रेघ मारली. पट्टी न घेता मारली, तरी सरळ आली. लाल रेघेवर त्यांनी बारीकशी फुली केली.

"वहिनीला वळायला जागा हवीच. ती व्हायला पाहिजे," त्या म्हणाल्या. आवाज जरासा मोठा होता, दाराबाहेरपर्यंत जाईल इतका. "पण अशी. नकाशावाल्याला परत काढायला सांग."

"सांगते."

"सही मी तिथे जाऊन करीन. खिडकी किती वाजता उघडते?"

"साडेदहाला. पण आत्या, रांग असते. मी नेऊन देईन कागद."

"मला माहितीये रांग असते. घरपट्टीला मीच उभी असते." त्यांनी नकाशाची घडी केली, अगदी मूळच्या घड्यांवरच, आणि तिच्या हातात दिला. "आता हा पलंग भिंतीला लावायचाय. एकटीने ओढताना कंबर धरली माझी. तू कर मदत. किंवा वर बसलाय त्याला बोलाव."

तो वर बसलाय हे त्यांना कसं कळलं, हे तिने विचारलं नाही. जिन्याच्या तळाशी उभं राहून तिने हाक मारली. बऱ्याच वेळाने तो उतरला. आत्यांच्या दारात येऊन खाली मान घालून उभा राहिला. आत्यांनी त्याला पलंगाची डोक्याकडची बाजू दाखवली.

"तिकडून धर," त्या म्हणाल्या. "उचलून घे, फरशीवर ओरखडे पडतात."

*

या घरात अंघोळीचा क्रम ठरलेला होता. आधी नवरा, कारण शाळा लवकर. मग ती. मग तिच्या मदतीने सासूबाई. आणि सगळ्यांचं आटोपलं, भांडी झाली, गीझर बंद झाला की अकराच्या सुमाराला आत्या. तो क्रम कुणी लावला हे कुणालाच आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नवरा टॉवेल खांद्यावर टाकून आला, तर बाथरूमचं दार आतून बंद. त्याने सवयीने कडीला हात लावला आणि मागे घेतला. ती स्वयंपाकघराच्या दारात आली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कोण आहे गं आत?" सासूबाईंनी त्यांच्या खोलीतून विचारलं. "मला उशीर होतोय."

आत बादलीत पाणी पडत होतं, नळ पूर्ण सोडलेला. गीझरचा लाल दिवा लागलेला होता. पाणी थांबलं, तांब्याचा आवाज आला, आणि परत सुरू झालं, काही घाई नसल्यासारखं.

नवऱ्याने घड्याळ पाहिलं. मग भिंतीला टेकवून ठेवलेलं स्टूल त्याने पुढे घेतलं आणि टॉवेल मांडीवर ठेवून तो दारासमोर बसून राहिला.